घट बसवता येतो, मग मेथी का नाही?

कुंडीतली भाजी : वाचकांचे प्रश्न

एकतीस वर्षं मी डोंबिवलीत ब्लाऊज शिवले. गुडघे बोलायला लागले तेव्हा मशीन झाकून ठेवलं आणि गॅलरीत कुंड्या मांडल्या. संपादकांनी हे सदर माझ्याकडे दिलं ते काही मी शेतकी शिकलेली म्हणून नव्हे. माझी जेवढी झाडं मेली तेवढी त्यांच्या ओळखीत दुसऱ्या कुणाची मेली नव्हती, म्हणून. गणपती गेले, पाऊस ओसरतोय, नवरात्र तोंडावर आलंय. नव्यानं सुरुवात करायला याहून बरा मुहूर्त नाही, त्यामुळे या वेळी पत्रंही भरपूर आलीत.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. तिसऱ्या मजल्यावर १० बाय ४ फुटांची गॅलरी आहे. ऑनलाइन साडेचार हजारांचा किचन गार्डन किट मिळतोय. १२ पिशव्या, ३० प्रकारचं बी, खतं, हत्यारं असं सगळं त्यात आहे. घ्यावा का? (एक जोडपं, पुणे)

नका घेऊ. त्या तीस पुड्यांत ब्रोकोली, झुकिनी आणि लाल कोबी असणार, आणि तुमच्या घरात खाल्ली जाते भेंडी.

आधी एका रविवारी घरी थांबा आणि ऊन मोजा. मी शिवणाचा खडू घेऊन बसले होते. सकाळी आठला उन्हाची कड जिथं होती तिथं फरशीवर रेघ मारली, मग दहाला, बाराला, दोनला, चारला. संध्याकाळी लक्षात आलं, की ज्या कोपऱ्यात मी टोमॅटो ठेवायचं ठरवलं होतं तिथं ऊन येतं जेमतेम पाऊण तास, आणि जिथं वॉशिंग मशीन उभं आहे तिथं साडेपाच तास! मशीन हलवलं. प्लंबरनं त्याचे पैसे घेतले, पण अजूनही मला तोच माझा सगळ्यात शहाणपणाचा खर्च वाटतो. टोमॅटो, वांगं, मिरची, भेंडी यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतंच. पालेभाज्या तीन-चार तासांत भागवून घेतात. आणि ही रेघ बारा महिने एका जागी राहत नाही. दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत ऊन खोलवर आत येतं, मे महिन्यात ते कठड्याच्या आत पाऊल टाकत नाही. म्हणून आत्ता एकदा मोजा आणि डिसेंबरात पुन्हा एकदा.

मग चारच भांडी घ्या. मेथी-पालकाला पाच-सहा इंच खोल पसरट असं एक. मिरचीला दहा-बारा इंचांची दोन. आणि टोमॅटो किंवा वांग्यासाठी २० लिटरची एक बादली. एका बादलीत एकच रोप. ‘जागा दिसतेय’ म्हणून दुसरं खुपसलंत तर दोन्ही उपाशी राहतील. भांडी विकत आणायलाच हवीत असं नाही. कडी तुटलेली बादली चालते, आंब्याची लाकडी पेटी आतून सिमेंटच्या पोत्याचं अस्तर लावून चालते. माझी लाडकी वस्तू म्हणजे मासळी बाजारातली थर्माकोलची पेटी. उचलायला हलकी आणि उन्हात आतली माती तापू देत नाही. घासून धुवायची, दोन दिवस उन्हात ठेवायची. वास जातो, पण खालची मांजर आठवडाभर समोर येऊन बसते. दोनेक वर्षांत पेटी ठिसूळ होते तेव्हा तिचे कण उडायच्या आत काढून टाका. पत्र्याचा तेलाचा डबा मात्र नको. एप्रिलमध्ये तो इतका तापतो की कडेची मुळं शिजतात. भांडं कुठलंही असो, बुडाला करंगळी जाईल अशी पाच-सहा भोकं हवीत.

माती म्हणाल तर नर्सरीतली लाल माती नुसती भरली की दोन महिन्यांत तिची वीट होते. शेतातली काळी भरली तर वाळल्यावर तडे जातात आणि पाणी कडेनंच खाली पळतं. मी दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत, एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि दोन मुठी निंबोळी पेंड घेते. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये. वास आला तर ते अजून कच्चं आहे. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की ६०-७० लिटर होते, हे आधी माहीत असलेलं बरं. माझ्या नणंदेनं अख्खी वीट बादलीत टाकली आणि चार दिवस त्यांच्या बाथरूममध्ये आंघोळ नव्हती. हवा तेवढाच तुकडा तोडा आणि दोनदा पाणी बदलून धुवा, त्यात खार असतो.

मी पहिल्या वर्षी जूनमध्ये एकदम बावीस कुंड्या भरल्या होत्या. दिवाळीला हयात होत्या तीन, त्यातला एक पुदिना, आणि तो कुणीही मारून मरत नाही. तुम्ही चारवर थांबा.

प्रश्न : काकू, मी भाड्याच्या खोलीत राहतो. खिडकीत ट्रे ठेवून मेथी आणि धने पेरले. मेथी उगवली पण नुसतीच उंच होऊन आडवी पडली. धने तर उगवलेच नाहीत. माझ्या हाताला गुण नाही का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

हाताचा काही संबंध नाही रे बाळा. तुझ्या आईनं घट बसवलेला तू पाहिला असशील. परडीत शेतातली माती, मधे मातीचा घट, भोवती गहू-ज्वारी टाकायची. चार दिवसांत कोंब येतात आणि दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतात. कुंडीत पेरणं म्हणजे हेच, घरोघरी पिढ्यान् पिढ्या चाललेलं. पण त्या कोंबांचा रंग आठव. पिवळे, लांबलचक, नाजूक. देवघरात उजेड नसतो, म्हणून कोंब उजेड शोधत नुसते ताणत जातात. देवाला ते चालतं, दसऱ्याला टोपीत खोचायलाही चालतं. भाजीला चालत नाही. तुझ्या मेथीचा तुझ्या खिडकीत घट झालाय, एवढंच.

ट्रे खिडकीच्या आत नको, बाहेर ग्रिलवर ठेव. मेथीदाणे वाण्याकडचेच घे, स्वयंपाकातले उगवतात. रात्रभर भिजवून मातीवर पसर, दाण्याला दाणा न लागता, वर अर्धा सेंटीमीटर माती. पहिले चार-पाच दिवस वर ओलसर सुती फडकं टाकून ठेव. ओल टिकते आणि कबुतरांना दाणे दिसत नाहीत. कोंब दिसले की फडकं लगेच काढायचं, विसरायचं नाही. २५-३० दिवसांत जुडी निघते.

धन्याचं गुपित असं, की एक धना म्हणजे दोन बिया असतात. पोळपाटावर टाकून लाटणं हलकेच फिरवायचं, डाळ व्हावी तसे दोन तुकडे झाले पाहिजेत, भुकटी नको. मग रात्रभर भिजत. तरीही उगवायला आठ ते बारा दिवस घेतात. तू सहाव्या दिवशी माती उकरून बघितली असशील. मीही बघायचे. आणि उन्हाळ्यात कोथिंबिरीच्या नादी लागू नकोस. एप्रिल-मेमध्ये ती पानं धरायच्या आत फुलावर येते.

प्रश्न : रोज न चुकता सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तरी वांग्याची पानं पिवळी पडून माना टाकतात. (गृहिणी, कोल्हापूर)

न चुकता घालता, तीच चूक आहे ताई. पाणी जास्त झालं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे वरून झाड तहानलेलं दिसतं. आपण आणखी पाणी घालतो. माझी अर्धी कब्रस्तानं अशीच भरलीत.

तर्जनी मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. ओल लागली तर तांब्या परत ठेवा. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईस्तोवर घाला, घोट घोट नको. एवढं एक बोट घालायची सवय लागली की सप्टेंबरात कधी तीन दिवस पाणी लागत नाही आणि एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा लागतं, हे तुमचं तुम्हालाच कळेल. आणि कुंडीखालच्या ताटल्या उपड्या करा. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होतात.

प्रश्न : मार्चमध्ये टोमॅटोची रोपं लावली. झाडं माझ्या कमरेएवढी झाली, फुलं भरपूर, पण सगळी गळाली. चार फळं धरली त्यांची बुडं काळी पडली. कुणी अंड्याची टरफलं घालायला सांगितली, तीही घातली. (निवृत्त कर्मचारी, नागपूर)

काका, मार्चमध्ये लावून नागपूरच्या उन्हात टोमॅटो धरायचा म्हणजे संत्र्याला काश्मीरमध्ये नेण्यासारखं आहे. दिवसाचा पारा ३५च्या वर आणि रात्रही गरम राहायला लागली की टोमॅटोचं फूल फळ धरत नाही, गळून पडतं. झाडाचा दोष नाही, तुमचाही नाही. बी सप्टेंबरात टाका, रोप चार-पाच पानांचं झालं की ऑक्टोबरात बादलीत हलवा. हलवताना खालची पानं काढून खोड निम्मं मातीत पुरा. टोमॅटोला खोडावरही मुळं फुटतात, वांग्या-मिरचीला तसं करू नका. थंडीत फळं लागतील. काठी रोप लावतानाच रोवा, मागाहून रोवली की मुळं तुटतात.

बुडं काळी पडतात ती चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या कमतरतेनं, हे खरं. पण बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतंच. ते पाण्याबरोबर फळापर्यंत जातं आणि आपण एक दिवस पूर आणतो, दोन दिवस दुष्काळ पाडतो, त्यात त्याची वाट तुटते. मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर द्या, ओल सारखी राहील. टरफलं कुजायला फार काळ लागतो, या हंगामात त्यांचा काही उपयोग नाही. मी आमलेटची टरफलं दोन वर्षं भक्तीनं घातली. तिसऱ्या वर्षी माती बदलताना ती तशीच्या तशी निघाली, एकावर तर अंडेवाल्याचा शिक्कासुद्धा दिसत होता.

प्रश्न : चौथ्या मजल्यावर दुधी लावलाय. त्याला बोटभर दुधी लागतात आणि तीन-चार दिवसांत पिवळे होऊन गळतात. शेजारच्या बाई म्हणतात दृष्ट लागली. मी लिंबू-मिरची बांधलीय. (वाचक, रत्नागिरी)

बांधलीय तर असू दे, मिरची तरी घरची आहे ना? पण एक काम करा. आज दिवेलागणीला, टीव्हीवरची मालिका सोडून, वेलाजवळ जाऊन उभे राहा.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. आधी मिटलेली हिरवट कळी असते. बघता बघता तिची घडी सुटते आणि पांढरी पाकळी बाहेर येते, धुऊन न इस्त्री केलेल्या मलमलीसारखी चुरगळलेली. सकाळी ऊन चढलं की ती मान टाकते. म्हणजे तिचा कारभार एका रात्रीचा, आणि तो करतात पतंग. गावात, परसात पतंग येतात. इमारतीच्या दिव्यांच्या झगमगाटात ते तुमच्या चौथ्या मजल्यावर कशाला येतील? म्हणून पतंगाचं काम आपण करायचं.

फुलाच्या मागे बघा. नुसता लांब देठ असेल तर ते नर फूल. देठाच्या टोकाला लवदार, इवलासा दुधी असेल तर ते मादी. तो बोटभर दुधी म्हणजे फळ नव्हे, फळ होण्याची नुसती तयारी आहे. पराग मिळाला नाही की वेल त्याला सोडून देतो. तुमचे गळतात ते हेच. नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे ओढून काढून टाका. मधल्या दांडीवरची फिकट पिवळी भुकटी बोटाला लागली पाहिजे. ती दांडी मादी फुलाच्या मधल्या गुबगुबीत, चिकट गड्ड्यावर सगळीकडून अलगद टेकवा. एका नर फुलात दोन मादी फुलांचं काम होतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ब्रश घेऊन गेले होते, सगळी भुकटी ब्रशालाच चिकटून राहिली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुधीचा देठ वाकून तो खाली बघायला लागला की समजा जमलं. बारा-पंधरा दिवसांत कोवळा तोडता येतो.

सुरुवातीला पंधरा दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका. वेल सहा-सात फूट झाला की शेंडा खुडा. फांद्या फुटतात आणि मादी फुलं त्या फांद्यांवर जास्त येतात. असंच त्या फांद्यांचंही केलं, की त्याला हल्ली मोबाईलवरचे मुलगे ‘थ्रीजी कटिंग’ म्हणतात. माझी सासू नुसतं ‘शेंडा मोड गं’ म्हणायची. दोडकाही संध्याकाळी फुलतो. कारलं, घोसाळं, भोपळा मात्र सकाळी, त्यांच्याकडे चहाच्या आधी जायचं. आणि वेलाला ४०-५० लिटरचं भांडं द्या, छोट्या कुंडीत दुधी लावणं म्हणजे सहावारीच्या कापडात नऊवारी नेसणं.

एक गंभीर गोष्ट. दुधी चिरला की जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा टाकून द्या, आणि कडू दुधीचा रस चुकूनही पिऊ नका. माणसं त्यानं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत.

प्रश्न : मिरचीची पानं आकसून गोळा होतात. नर्सरीवाल्यानं तीन औषधं दिली, तिन्ही मारली. (शिक्षिका, सांगली)

तुमच्याकडे शेतकरी याला चुरडा-मुरडा म्हणतात. तिन्ही मारण्याआधी पान उलटं करून बघायला हवं होतं. पानाच्या कडा वर वळून द्रोणासारख्या झाल्या असतील तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून उपड्या होडीसारख्या झाल्या असतील तर कोळी नावाची बारीक कीड. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, फुलकिडे टाक्याएवढे बारीक, सरपटताना दिसतात. मी सुईत दोरा ओवायचा चष्मा लावते.

वाकडे शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून खालूनच फवारा. भर उन्हात मारलंत तर पानं भाजतात. पाच-सहा दिवसांनी असं तीनदा. नवी पानं सरळ आली तर जिंकलात. नवी पानंही बारीक, पिवळट, ठिपक्याठिपक्यांची आली तर तो विषाणू. त्याला जगात औषध नाही, झाड उपटा. भेंडीवर पिवळ्या शिरांचं जाळं दिसतं, तो केवडा, त्याचंही तसंच. दोन्ही पांढरी माशी पसरवते, म्हणून रोगट झाड ‘बिचारं’ म्हणून ठेवलंत की शेजारची चार जातात. मला उपटायला जीव होत नाही. ते काम मी मुलाला सांगते.

प्रश्न : ओला कचरा थेट कुंडीत घालतो. आता अळ्या झाल्यात, वास येतो, बायको बोलत नाही. (वाचक, नाशिक)

बायकोचं बरोबर आहे. कच्चा कचरा कुजताना तापतो आणि मातीतलं नत्र स्वतःच खातो, झाडाच्या वाट्याला काही ठेवत नाही. कचऱ्याला वेगळी, भोकं पाडलेली बादली करा. एक ओंजळ सालं, दोन ओंजळी वाळकी पानं, दर दोन दिवसांनी ढवळणं. अळ्या दिसल्या म्हणजे ओल जास्त झाली, पानं वाढवा. चहाचा चोथा धुऊन घाला, साखरेला मुंग्या येतात. दोन-तीन महिन्यांत काळं, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारं खत मिळतं.

हे वेडेपण मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेली माणसं आपल्याकडे आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळांची बाग उभी केली. त्याआधी मुंबईतच डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं वापरून गच्चीवर पिकं काढली होती. चिपाडं रसवंतीवाला फुकट देतो. वाळवून, तुकडे करून बुडाला भरा. माती कमी लागते, वजन कमी होतं.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. एका सभासदाला गच्चीवर भाजी करायची आहे. परवानगी द्यावी का? गळतीची भीती वाटते. (सेक्रेटरी, ठाणे)

सेक्रेटरीसाहेब, तुमच्या बाजूनं पहिल्यांदाच कुणी मला विचारलंय. आमच्याकडे खालच्या घरात ओल आली तेव्हा सगळी बोटं माझ्या दुधीकडे वळली. सहा महिने मी गुन्हेगार. शेवटी कठड्याच्या सांध्यातली जुनी फट सापडली, दुधीपासून वीस फुटांवर. माफी कुणी मागितली नाही, दुधी मात्र सगळ्यांनी नेले.

द्या परवानगी, पण लेखी आणि अटींवर. ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे गळती रोखायला गच्चीवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर, कुंडी थेट टेकवायची नाही, विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर अर्धा फूट उचलून ठेवायची, म्हणजे खालून झाडता येईल आणि ओल दिसेल. पाण्याच्या निचऱ्याची जाळी मोकळी हवी. गच्चीवर थेट माती पसरायची नाही. आणि वजन. ये-जा असलेल्या गच्चीचा हिशोब करताना इंजिनिअर साधारण चौरस मीटरला १५० किलो धरतात. ओल्या मातीनं काठोकाठ भरलेला २०० लिटरचा एक पिंप ३०० किलोच्या वर जातो. तेव्हा पिंपं नकोत, आणि मोठी भांडी गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली बीम आहे तिथं, भिंतीच्या कडेनं ठेवायची. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. या बाबतीत माझं ऐकू नका, त्याचं ऐका.

प्रश्न : आमची गॅलरी उत्तरेला. थंडीत ऊन शिवतसुद्धा नाही. आम्ही काय फक्त मनीप्लांट लावायचा? (आजी, गिरगाव)

आजी, तुमच्याकडे दुपारचं ऊन येतं ते मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, तेव्हा दुपारचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो. आणि त्यातले दीड-दोन महिने ढगांत जातात. म्हणजे टोमॅटो विसरायचा. पण अळू लावा. अळूला सावली चालते, ओल आवडते. माझं अळू एसीच्या पाण्याच्या नळीखाली ठेवलंय आणि उन्हाळ्यात ते सगळ्यांत खुशीत असतं. भाजीवालीकडून किंवा कोकणातून कुणी येणार असेल तर त्याच्याकडून गड्डे मागवा. वडीचं अळू काळपट देठाचं, फतफत्याचं हिरव्या देठाचं. नर्सरीतलं रंगीत, शोभेचं अळू मात्र खायचं नाही. खाजेचं तुम्हाला मी काय सांगणार, चिंच-आमसूल तुमच्याच पिढीनं शिकवलंय. सोबत पुदिना लावा, पण वेगळ्या भांड्यात; तो भाडेकरू म्हणून येतो आणि मालक होतो.

प्रश्न : दोन वर्षं जपलेला कढीपत्ता थंडीत जगवायचा आहे. (वाचक, न्यू जर्सी)

माझी भाची तुमच्याच बाजूला राहते, तिचा अनुभव सांगते. रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जायला लागला की कुंडी आत, दक्षिणेच्या खिडकीत. घरात घ्यायच्या आधी पानं खालून-वरून धुवा, नाहीतर कीड पाहुणी येते. हीटरच्या झोतासमोर नको. पानं गळतील, झाड झोपेल, तेव्हा पाणी अगदी कमी आणि खत बंद. बाहेर काढायची घाई मेच्या मध्याआधी करू नका.

प्रश्न : खरं सांगा, ही भाजी बाजारापेक्षा स्वस्त पडते का? हिशोब ठेवता का? (आजोबा, मिरज)

ठेवते. गिऱ्हाइकांच्या मापांची वही उरली होती, तिच्यातच मागच्या पानांवर लिहिते. मिरची, कढीपत्ता, पुदिना, अळू, गवती चहा यांत मी नफ्यात आहे. दोन मिरच्यांच्या झाडांनी ऑक्टोबर ते मार्च मला मिरची विकत घेऊ दिली नाही. मेथी-पालक बरोबरीत सुटतं. टोमॅटो तोट्यात, कारण माझे पिकतात तेव्हा बाजारातही ते मातीमोल झालेले असतात. वांग्यात तोटा आहे, पण ते भरलं करायला कोवळं आणि एकसारखं मिळतं म्हणून मी तो सोसते.

बटाटा मात्र लावू नका. त्याला रात्रीचा गारवा लागतो, तो डोंबिवलीत मिळत नाही. मी पाव किलो कोंब आलेले बटाटे मोठ्या हौसेनं पोत्यात लावले, तीन महिने माती चढवली, शेजाऱ्यांना बोलावून पोतं उपडं केलं. निघाले तीनशे ग्रॅम. त्यातले दोन लावलेलेच होते.